आष्टीचा बाजार आणि तीन तोळे सोनं

वहाणा काढू नका. सकाळ अजून सरलेली नाही, पण वैशाखातला फुफाटा आत्ताच चटके देतोय आणि तुमचे तळवे गुळगुळीत फरशीवर वाढलेले आहेत. पायांकडे बघा. रबरी तळाचे बूट गेले. त्यांच्या जागी मोच्यानं शिवलेल्या जाड कातडी वहाणा आल्या आहेत, नव्या आहेत म्हणून पावलागणिक करकरताहेत. फोनसाठी खिसा चाचपू नका, खिसाच नाही. डोक्यावर ओलं फडकं आहे, ते तेवढं सांभाळा. वाऱ्यावर भरवसा ठेवू नका, तोही गरमच येतोय.

तुम्ही आष्टीत आहात. बीडकडची नव्हे, परतूर तालुक्यातली आष्टी. उत्तरेला परतूरचं रेल्वे स्टेशन, दक्षिणेला गोदावरी, आणि मधे पिकं निघून गेल्यावर भेगाळलेली काळी रानं. राज्य निजामाचं आहे, जिल्हा परभणी. जालना जिल्हा व्हायला १९८१ उजाडावं लागेल, आणि आत्ता तर १९४० नुकतंच मागं पडलंय. एवढं कॅलेंडर पुरे. समोरून बैलजोडी येतेय आणि ती तुमच्यासाठी थांबणार नाही.

सरका!

गेली. चाकाच्या वंगणाचा वास नाकात ठेवून गेली. त्यामागून तिखट मिरचीचा खकाणा, त्यामागून गुळाच्या ढेपेवरच्या माश्या, मग शेण, तंबाखू, घामेजलेलं खादीचं कापड. कुणीतरी कोंबड्या उलट्या लटकावून नेतंय, त्यांचे पंख तुमच्या गुडघ्याला लागतात. बाजाराचा दिवस आहे, त्यात लग्नसराई. तुमच्या कोपराला एका खरखरीत हाताचा विळखा बसतो.

"लेकरा, चिंधी घट्ट धरलीस ना?" ही मावशी. आज तुम्ही तिच्यासोबत आहात. तिच्या धाकटीचं लग्न आहे, आणि तुमच्या मुठीतल्या चिंधीत एक तुटकी पाटली, झिजलेल्या वाळ्या आणि पोकळ मण्यांच्या माळेचा तुकडा आहे. सगळं मिळून तीन तोळे. हे सोनाराकडं पोचवायचं, पण आधी बाजार करायचा. मावशीचा क्रम ठरलेला आहे आणि तो बदलत नसतो.

शाळेत तुम्ही तीन खोकी शिकला होता: मूलद्रव्य, संयुग, मिश्रण. पहिली दोन म्हणजे शुद्ध पदार्थ. व्याख्या पाठ केली, गुण मिळवले आणि विसरलात. आज तीच व्याख्या तुमच्या नाकातोंडात जाणार आहे.

पहिला थांबा तुपाचा. झाडाच्या सावलीत चरव्या मांडून बायका बसल्यात. मावशी उकिडवी बसते, तूप बोटावर घेते, मनगटाच्या मागं चोळते, हुंगते. "घरच्या म्हशीचं हाय, माय," तूपवाली सांगते. "दुसरं काही घातलं असंल तर देवाची आण." तिचा शब्द खरा आहे, तिच्या डोळ्यांत बघा. मग चरवीत बघा. वर पातळ तूप आणि त्यात बुडालेला पांढुरका रवा. बोट घाला, घाला, मावशी रागवणार नाही. पातळ तूप बोटावरून ओघळतं, रवा बोटाच्या पेरात जाणवतो आणि अंगच्या उबेनं हळूहळू विरतो.

याचा अर्थ काय? आतले सगळे कण एकाच प्रकारचे असते, तर ते एकाच उष्णतेला सुटले असते. इथं तसं झालेलं नाही. तुपात अनेक प्रकारचे स्निग्ध पदार्थ आहेत. काही या उन्हातच पातळ झाले, काही अजून घट्ट बसलेत. ठरावीक असा एक द्रवणांक तुपाला नाही. तूपवालीनं काहीही मिसळलेलं नाही, तरी हे मिश्रण आहे, कारण ते मुळात म्हशीच्या अंगातच मिश्रण म्हणून तयार झालंय. माणसं नेमकी इथं चुकतात असं मला वाटतं. भेसळ नाही, पवित्र आहे, पौष्टिक आहे, म्हणजे शुद्ध असा हिशेब आपण घरात करतो आणि तोच घेऊन रसायनाच्या तासाला बसतो. रसायनशास्त्राचा प्रश्न फार साधा आहे: आत किती प्रकारचे कण आहेत?

शेजारच्या आडत्याकडं ज्वारीची पोती उघडी आहेत. मावशी भाव विचारतेय तोवर एका पोत्यात कोपरापर्यंत हात घाला. वरची ज्वारी तापलेली, आतली गार, दाणे बोटांमधून सळसळत निसटतात. वरची मूठ, मधली मूठ, तळाची मूठ, तोच दाणा. शुद्ध पदार्थ म्हणजे हे पोतं, फक्त दाणा डोळ्यांना कधीच न दिसण्याइतका बारीक. त्यात चार तुरीचे दाणे पडले की झालं मिश्रण, मग तूर कितीही चांगली असो.

तहान लागली ना? पाणपोईवर चला. रांजण वाळूत रोवलेला आहे, त्याच्या अंगावर ओलं गोणपाट. म्हातारा पाणक्या उंचावरून धार सोडतो, ओंजळ तोंडाशी धरा. पाणी घशातून उतरताना डोळे आपोआप मिटतात. नितळ, गार. पण जिभेच्या कडांना किंचित मचूळ लागतं. रांजणाच्या काठाजवळ बाहेरच्या अंगाला नखानं खरवडून पाहा, पांढरी पूड हाताला येते. पाणी झिरपलं, वाऱ्यावर उडून गेलं आणि त्यातले क्षार मडक्यावर बसले. काळ्या खडकातल्या विहिरीचं हे पाणी. याच पाण्यात मावशीची डाळ तासन्‌तास शिजत नाही आणि ती सुनेला बोल लावते, बिचाऱ्या सुनेचा यात काही दोष नाही. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ तळाशी बसतो आणि पाणी आरपार दिसू लागतं, पण विरघळलेले क्षार जिथल्या तिथं राहतात. आरपार दिसणं ही शुद्धतेची खूण नव्हेच.

तुरटीवरून मावशीला आठवलं. काष्ठौषधीच्या दुकानात शिरा, डोकं वाकवून. आत अंधार, आणि हिंग, वेखंड, सुंठ, कापूर यांचा इतका दाट वास की तो अंगरख्याला दोन दिवस चिकटून राहील. लाकडी खणांमध्ये सगळं रसायनशास्त्र मांडलेलं आहे: तुरटी, नवसागर, टाकणखार, गंधक, आणि त्या कोपऱ्यातल्या खणात निळेशार खडे. मोरचूद. मावशीच्या घरधन्याला ज्वारीच्या बियाण्याला लावायला तो हवाय, काणी पडू नये म्हणून. हात लावला तर तोंडात घालू नका, विष आहे.

"खराच आहे का, रंग दिलेला दगड देताय?" मावशीचा प्रश्न. दुकानदार हौशी माणूस. मोरचुदाची चिमूट लोखंडी पळीत घेतो आणि शेगडीवर धरतो. पुढं वाका. निळा रंग कडेपासून फिका होत जातो, बारीक वाफ निघते, थोड्या वेळात पळीत पांढरी पूड उरते. मावशीचं तोंड उघडंच. पळी निवते. दुकानदार बोट पाण्यात बुडवून एक थेंब तिच्यावर सोडतो आणि थेंब पडला तिथं निळाई परत उमटते.

तुम्ही मघाशी तो खडा हातात धरला होता. कोरडा होता ना? त्याच्या वजनाचा ३६ टक्के भाग पाणी होतं. खडा ओला झालेला नव्हता, पाणी त्याच्या घडणीतच होतं: तांबं, गंधक आणि प्राणवायूच्या प्रत्येक जोडणीमागं पाण्याचे पाच रेणू, सहा नाहीत की चार नाहीत. मोरचूद आष्टीत घ्या, हैदराबादेत घ्या, स्वतः बनवा, त्यात तांबं वजनाच्या साडेपंचवीस टक्केच निघणार. म्हणून त्यात तीन मूलद्रव्यं आणि वर पाणी असूनही तो शुद्ध पदार्थ आहे, संयुग. तूप एकट्या म्हशीचं असून मिश्रण, आणि हा चौघांचा असून शुद्ध! स्पेनमध्ये काम करणाऱ्या जोसेफ प्रूस्त या फ्रेंच रसायनज्ञानं अठराव्या शतकाच्या अखेरीस हेच पाहिलं होतं. जमिनीतून निघालेला तांब्याचा हिरवा कार्बोनेट आणि प्रयोगशाळेत त्यानं स्वतः तयार केलेला, दोन्हींत घटकांचं प्रमाण एकच. त्याच्या देशाचा बेर्थोले हा मोठा रसायनज्ञ वर्षानुवर्षं त्याच्याशी वाद घालत राहिला, प्रमाण बदलू शकतं म्हणाला. प्रूस्त मागं हटला नाही. पुस्तकातला स्थिर प्रमाणाचा नियम तो हा.

मावशी पुडी कनवटीला खोचते. बाहेर पडा, आणि आता कान द्या.

ठोक्यांचा आवाज येतोय तिकडं जायचं नाही, ती भांड्यांची ओळ नंतर. त्याच्या अलीकडं जमिनीत खड्डा खणून एक माणूस बसलाय, पोराच्या हातात कातडी भाता. फुस्स, फुस्स. प्रत्येक फुंकरीला कोळसे पांढरे होतात आणि तुमच्या पोटऱ्यांवर झळ येते. हा कल्हईवाला. मावशीचं तांब्याचं पातेलं सकाळीच त्याच्याकडं टाकलंय. आतली कल्हई गेली की ताक कळकतं, आंबटवरण हिरवट होतं, आणि लग्नघरात ते परवडायचं नाही.

तो फडक्यातून कथलाची कांडी काढतो. मावशी लगेच, "शिसं नको घालू त्यात, भाऊ."

कल्हईवाला रागावत नाही. कांडी तुमच्या कानाजवळ आणतो आणि दोन्ही हातांनी वाकवतो. ऐकलंत? बारीक चिर्रर्र आवाज, धातूच्या पोटातून. पुन्हा वाकवतो, पुन्हा चिरकतं. कथलाच्या आतले स्फटिक वाकताना झटक्यानं कूस बदलतात, त्याचा हा आवाज. शिसं चांगलं मिसळलेलं असेल तर कांडी मुकी होते. मावशी कान लावते, दोनदा वाकवायला लावते, मान डोलावते. एवढ्या गलक्यात कानानं धातू पारखणारी ही माणसं मला फार मोठी वाटतात. त्यांच्याकडं तापमापक नाही, रासायनिक सूत्र नाही, पण पदार्थ स्वतःबद्दल काय सांगतो ते ऐकायची सवय आहे.

पातेलं निखाऱ्यांवर तापतं. तांब्याचा रंग काळवंडतो. मग नवसागराची चिमूट. श्वास धरा!

उशीर झाला तुम्हाला. पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि थेट नाकात गेला, डोळ्यांतून पाणी, घशात खवखव. पोरगं भाता मारत हसतंय, त्याला सवय आहे. नवसागर तापला की वितळत नाही, त्याची दोन वायूंमध्ये फोड होते. त्यांतला एक वायू तांब्यावरचं काळं कीट खातो. दोघांचाही उरलेला भाग वर जाऊन थंड हवेत पुन्हा एकमेकांना भेटतो आणि पुन्हा नवसागरच होतो. तुम्ही ज्याला धूर समजून खोकताय ते नवसागराचे बारीक कण आहेत, चिमटीतल्यासारखेच, त्याच घडणीचे. वाटेत मोडून पुन्हा जुळले, तरी काही बदललं नाही.

आता कांडी. ती गरम तांब्याला टेकते. घट्ट होती, टोकाला चकाकता थेंब, आणि बोटभर कांडी पाणी होऊन पसरली. मधली मऊ, लापशीची अवस्था दिसलीच नाही. कथील २३२ अंशांना वितळतं. पळीत घेऊन वितळवलं, तर शेवटचा घट्ट तुकडा विरेपर्यंत पळीतलं कथील त्याच अंशावर अडून राहतं, पोरानं भाता कितीही हाणला तरी. हीच शुद्ध पदार्थाची खरी ओळख: सगळे कण एका प्रकारचे, म्हणून सगळ्यांची सुटण्याची वेळ एकच. तुलना करायचीय? त्याच्याच पेटीत डाक द्यायचा धातू आहे, एक भाग कथील आणि दोन भाग शिसं. तो तापवायला सांगा. १८३ अंशांना तो ओलसर होऊ लागतो आणि पुरता पातळ व्हायला अडीचशेच्या आसपास जावं लागतं. मधल्या काळात तो लिबलिबीत राहतो, फडक्यानं पुसून सांध्यावर बसवता येतो. जोडकाम करणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. त्याच्या कामाला मिश्रणच लागतं.

कापसाचा बोळा पातेल्यात गोल फिरतो आणि तांबूस धातूवर चंदेरी झळाळी पळत सुटते. मग पातेलं पाण्यात. चर्रर्र! वाफ, आणि आत तुमचा चेहरा दिसतोय, घामानं निथळलेला, नाक लाल.

भांड्यांच्या ओळीत फार रेंगाळायचं नाही, कानठळ्या बसतात. फक्त ती काशाची थाळी टिचकी मारून वाजवा. नाद लांबत जातो, ठोक्यांच्या गोंगाटातूनही वेगळा ऐकू येतो. तांब्याच्या ताटलीला टिचकी मारा, थद्द. कथलाचं तर तुम्ही ऐकलंच. जवळपास ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील एकत्र आले की दोघांकडं नसलेला हा नाद येतो. थाळी सगळीकडून एकसारखी दिसते, कुठूनही कापली तरी एकसारखी निघेल. मग ही शुद्ध का नाही? कारण प्रमाण कारागिराच्या हातात आहे. त्यानं दोन भाग कथील कमी घातलं तरी ते कासंच. मोरचुदाला अशी मोकळीक नाही. एकजीव असणं आणि शुद्ध असणं यांतलं अंतर इतकंच आहे, पण ते कळलं की अर्धं रसायनशास्त्र कळलं.

मावशी पैसे मोजतेय. तिच्या हातातले रुपये बघा: निजामाचा हाली रुपया, आणि दोन कलदार, इंग्रजांचे. जुन्या कलदारात बारा भागांत अकरा भाग चांदी. नवा, १९४० नंतरचा, निम्माच चांदीचा आहे: ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. छाप तसाच, वजन तेच. दुकानदार दोन्ही दगडावर आपटून वाजवतो आणि जुना आधी गल्ल्यात टाकतो.

आणि आता सोनार.

दुकान म्हणजे ओटा, त्यावर बैठक, बैठकीसमोर बागेसरीत निखारे. ऊन बाहेर राहिलं तरी उकाडा आत दुप्पट. सोनाराच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर येतो, तो मनगटानं पुसतो, फुंकणी तोंडातून काढत नाही. जमीन सारवलेली, आणि तिच्यावरची धूळ कुणी बाहेर टाकत नाही. वर्षाकाठी झारेकरी येतील, ही राख आणि माती विकत घेतील आणि धुऊन त्यातून सोन्याचे कण काढतील. म्हणून आत येताना पाय झटकले तरी चालतील, बाहेर जाताना झटकू नका.

चिंधी सोडा. सोनार पाटली काळ्या कसोटीवर घासतो, पिवळी रेघ उमटते. शेजारी त्याच्या माहितीतल्या कसाच्या सळ्यांच्या रेघा. मग काचेच्या बुचाच्या बाटलीतून तेजाबाचा थेंब. मावशीच्या कानातलं पितळेचं फूलही त्यानं गमतीनं घासलंय, ती रेघ हिरवा फेस येऊन नाहीशी झाली. पाटलीची टिकली, मण्यांची किंचित मळकट झाली. पण कसोटीला फक्त वरचं अंग कळतं. म्हणून तो सुलाख घेऊन मण्याच्या पोटात शिरतो आणि आतलं काढून घासतो. आतलंही तेच निघायला हवं. तावून सुलाखून घेणं ते हे, तुमच्या डोळ्यांसमोर.

"हीण हाय, आक्का. डाकच लई भरलाय यात."

"माझ्या सासूचं हाय ते!"

"सासूचंच हाय, पण डाक सोनारानं भरलाय."

तराजू बाहेर येतो. एका पारड्यात सोनं, दुसऱ्यात वजनं आणि लाल-काळ्या गुंजा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. तीन तोळे बरोबर. आता गंमत बघा, सोनं शुद्ध करायचं म्हणून सोनार त्यात आधी स्वतःची साडेसात तोळे चांदी घालतो. मावशी डोळे वटारते, पण हा जुना, पक्का हिशेब आहे. सोनं एकूण वजनाच्या चौथ्या हिश्शाएवढं असलं, तरच तेजाब आतपर्यंत शिरून बाकीचं सगळं ओढून काढतं. सोनं जास्त असेल तर ते चांदीला कवेत घेऊन बसतं.

मूस निखाऱ्यांत. फुंकणी. टाकणखाराचा दाणा पडतो, फुगतो, काचेगत वितळून वरचा मळ धरतो. तुमच्या भुवया तापतात. रस झाला की सोनार मूस सांडशीत धरून उंचावरून पाण्याच्या घंगाळात बारीक धार सोडतो, तडतड तडतड, आणि तळाशी फिकट दाणे जमतात. ते चिनीमातीच्या खोल भांड्यात, वर तेजाब, खाली कोमट राख.

"तोंड फिरवा." या वेळी ऐका त्याचं. भांड्यातून तपकिरी वाफा उठतात. जड, आंबट, दात शिवशिवतील अशा. वारा दाराबाहेर आहे म्हणून बरं. आत बुडबुडे, आणि पाणी हिरवट-निळं होत चाललंय. हा रंग तांब्याचा, तुम्ही मोरचुदात पाहिला त्याचाच भाऊबंद. चांदी विरघळली तरी रंग देत नाही, गुपचूप जाते.

मधला वेळ आपण गाळू, काळातून प्रवास करणाऱ्याला एवढी सवलत असते. दुपार कलली आहे. सोनारानं निळं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून ठेवलंय, उरलेलं तीनतीनदा धुतलंय. बघा काय उरलंय ते.

तपकिरी माती.

मावशीचा चेहरा उतरतो. तुमचाही. तीन तोळे पिवळ्या सोन्याची ही राखाडी-तपकिरी भुकटी? पण सोन्याचे कण इतके बारीक आणि विखुरलेले असले की ते असेच दिसतात. पिवळेपण, चकाकी हे सगळं त्यांनी एकमेकांना घट्ट धरल्यावर येतं. सोनार भुकटी मुशीत टाकतो. फुंकणी, फुंकणी, गाल फुगलेले, मानेची शीर ताठ. भुकटी लाल होते, आक्रसते, आणि १०६४ अंशांना आक्रसलेला ढिगारा एका क्षणात गोल, थरथरता, तेजस्वी थेंब होतो. मावशी काही न बोलता दोन्ही हात जोडते.

निवल्यावर वजन: दोन तोळे सात मासे. पाच मासे कमी. गेलेलं सोनं नव्हे, इतकी वर्षं सोन्याच्या भावात मिरवणारी चांदी आणि तांबं होतं ते. ही गोळी तरी पूर्ण शुद्ध आहे का? नाही. तेजाबातून चांदीचा अंश मागं राहतोच. तुमच्या काळात ९९९ चा शिक्का असतो, त्या एक ग्रॅम सोन्यातही एक हजारांश भाग परका, आणि तो चांदीचा धरला तर त्यातले अणू पाचावर अठरा शून्यं यांहूनही जास्त. संपूर्ण शुद्ध सोनं कुणी हातात धरलेलं नाही. प्रत्येक वेळी आणखी थोडं परकं बाहेर काढायचं, आणि उरलेल्याचं वागणं आता बदलत नाही असं दिसलं की थांबायचं, इतकंच माणसाच्या हातात आहे. आष्टीतल्या या ओट्यावर दोन फुंकण्या आणि एका बाटलीच्या बळावर हा माणूस जिथवर पोचला, ते मला थक्क करणारं वाटतं.

गोळी दाबून बघा. नख उमटलं? "पाटली केली तर चार दिवसांत वाकंल," सोनार म्हणतो. "बाराव्या हिश्शाचं तांबं घालतो."

एवढा घाम गाळून काढलं तेच पुन्हा घालायचं! मावशी क्षणभर विचार करते. मग, "घाल. पण माझ्यापुढं तोलून घाल."

आता ते दुसरं भांडं. निळ्या पाण्यात सोनारानं तांब्याची पट्टी सोडून ठेवली होती. पट्टी झिजून कागदासारखी झालीय, पाणी आणखी गडद निळं, आणि तळाशी करड्या चांदीचा चिखल. दहा तोळे तांबं विरघळलं की जवळजवळ चौतीस तोळे चांदी बाहेर पडते, या गावी किंवा त्या गावी. चिखल धुतला, वाळवला, वितळवला, तोलला. सोनाराची साडेसात तोळे, आणि वर गुंजभर कमी तीन मासे.

"ते तीन मासे माझे," मावशी म्हणते. "माझ्या डागातले."

सोनार हसतो. त्याला वाटतं, बाई अडकल्या. "सगळं एक झालं की आक्का. यातली तुमची चांदी कोणती, माझी कोणती, कशी निवडू?"

मावशी पदर खोचते, पुढं सरकते आणि गुंजांची डबी स्वतःच त्याच्यासमोर ठेवते.

"निवडायला कोण सांगतंय? चांदी ती चांदी. तोलून दे."